सोन्याचे पान खोटे बोलेना

मी एक जुना सुवर्णपत्र विद्युतदर्शी आहे. नाव भारदस्त, पण जीव केवढा? काचेची बरणी, आत पितळेची कांडी आणि तिला चिकटवलेले सोन्याचे पान, फुंकरीनेही फाटेल इतके पातळ. मित्रांनो, मी जन्माचाच भित्रा.

मला विद्युतभार दिला की पान कांडीपासून फाकून वर उचलले जाई. जवळ रेडियम आणले, की त्याच्या अणूंतून सुटलेल्या अदृश्य कणांमुळे भार हवेत निसटे आणि पान खाली येई. त्याला किती वेळ लागतो, हे प्रयोगशाळेचे सर घड्याळ लावून मोजत. अणू फुटत नाही, अशी तोवर साऱ्यांची खात्री होती. तो फुटतो, अशी साक्ष देणाऱ्यांत मीही होतो. सर पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत, तेव्हा अंगावर मूठभर मांस चढे.

रेडियमची नळी ने-आण करणे प्रयोगशाळेतल्या ताईंकडे होते. हात मोकळे राहावेत म्हणून त्या ती एप्रनच्या खिशात टाकत. नळीला केसाएवढी चीर गेली होती आणि तिच्यातून रेडियमची पूड खिशात सांडत होती, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

एके सकाळी नळी कण अडवणाऱ्या शिशाच्या पेटीत, पेटी पलीकडच्या खोलीत, आणि ताई नुसत्या जवळ आल्या तरी माझे पान झरझर खाली आले.

"बिघडलं वाटतं," सर म्हणाले. त्यांनी काच पुसली, नवे पान लावले. ताई आल्या, पान पडले.

"तुमचे हात ओलसर असतात, ताई. ओलीनं भार निसटतो. जरा लांबच थांबा."

"बरं सर. मला बघून लाजतं बहुतेक," ताई हसल्या.

मला ओरडता येत नव्हते. मला फळीवर ठेवले गेले. अधूनमधून सर भार देऊन बघत. ताई जवळ असल्या की मी भीतभीत तेच सांगे, आणि सर मान हलवून दुसऱ्या कामाला लागत.

आठ महिन्यांनी, शाळेला सुट्टी म्हणून ताई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या. सरांनी गंमत म्हणून मला भार दिला. ताई दारापाशीच थांबल्या.

"जा तू. तुझे हात कोरडे आहेत ना? तुला नाही लाजायचं ते."

पोर पुढे आली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मला खोटे बोलावेसे वाटले. पान पडले.

"आई, हे मलापण लाजलं."

ताईंचे हसू विरले. "सर, हिचा फ्रॉक... आठ महिन्यांपूर्वी माझ्या जुन्या एप्रनचा शिवलाय मी."

सरांनी फ्रॉक काढून लांब नेला. पोरीला स्वतःच्या कोटात गुंडाळून पुन्हा माझ्यापुढे उभे केले. पान या वेळी हळूहळू आले, पण खाली आलेच. रेडियम आता फ्रॉकपुरते उरले नव्हते, पोरीच्या अंगातही गेले होते.

सरांनी माझ्यापुढे हात जोडले. मला ते नको होते. मित्रांनो, एखादे यंत्र नको ते सांगू लागले, तर त्याला फळीवर ठेवण्याआधी निदान एकदा त्याचे खरे मानून बघा. मी आठ महिने खरेच सांगत होतो, आणि ती पोर आठ महिने तो फ्रॉक घालत होती.