चोवीस तास चूळ नाही

संपतरावांची अक्कलदाढ निघाली शनिवारी सकाळी अकराला, नोएडातल्या एका छोट्या दवाखान्यात. दाढ उपटताना त्यांनी हूं की चूं केलं नाही. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. घाम फुटला तो नंतर, डॉक्टरीणबाई सूचना द्यायला लागल्यावर.

"बाबूजी, चौबीस घंटे कुल्ला नहीं करना. थूकना भी नहीं."

तोंडात कापसाचा बोळा दाबलेला. तरी ते बोललेच, "थूकना नहीं तो क्या निगलना?"

"बिल्कुल."

शेजारी बसलेल्या सुनेने, कुमुदने, तोंड फिरवून हसू लपवलं.

यात हसण्यासारखं काय ते संपतरावांना जो ओळखतो त्यालाच कळेल. चहा घेतला, चूळ. दोन शेंगदाणे तोंडात टाकले, चूळ. तीही गालफडं फुगवून, खळाखळा, शेजारच्या फ्लॅटला ऐकू जाईल अशी. उष्ट्या तोंडाने देवाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. खंडोबाचा चांदीचा टाक त्यांच्या ट्रंकेतून जैसलमेरला गेला, लेहला गेला. तिथे बर्फ वितळवून चूळ भरली, पण सकाळी सहाची पूजा चुकली नाही. आणि पूजेआधी पोटात चहाचा घोटसुद्धा नाही.

"पहले कभी दांत निकलवाया है?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

निघाला होता. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये असताना. नंतर आठ दिवस असं ठणकलं होतं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

"और कुल्ला किया था?"

"किया ना. दिन में दस बार."

मग बाईंनी समजावलं. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तेच मलम आणि तीच पट्टी. जोरात चूळ भरली किंवा थुंकलं की ती निघते, खाली हाड उघडं पडतं. मग तोच ठणका. "अब सोच लो, बाबूजी."

संपतराव सुनेबरोबर रिक्षात बसले. वीस वर्षांनी कळत होतं की तेव्हाचे ते आठ दिवस आपणच आपल्या हाताने ओढवून घेतले.

घरी कुमुदने गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरायला दिला. दुपारी थंड दूध, तेही ग्लासाने, स्ट्रॉ नाही. संध्याकाळी गार, गुरगुट्या दहीभात. शेवटचा घास गेला आणि संपतराव सवयीने बेसिनपाशी. कुमुद धावली तोवर गाल फुगलेले.

"आबा! हलवू नका! गिळा!"

डोळे वटारून त्यांनी गिळलं. जन्मात पहिल्यांदा.

"शी," ते म्हणाले.

"शी काय? तुमच्याच तोंडातलं आहे," हौसाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांचा संसार, नवऱ्याची इतकी मजा त्यांना कधी बघायला मिळाली नव्हती.

पण खरी पंचाईत पुढेच होती. चोवीस तास संपणार रविवारी अकराला. डॉक्टरीणबाईंनी दिलेली गोळी सकाळी सातला, खाल्ल्यावर. खायचं पूजेनंतर. आणि पूजा चूळ भरल्यावर.

"मग पूजा अकराला करा," कुमुद म्हणाली.

"आणि गोळी?"

"ती सातला."

"उपाशी?"

"नाही, खाऊन."

"म्हणजे देवाआधी मी जेवू? लेहला नाही केलं ते नोएडात करू?"

आवाज चढला तसा जबडा ठणकला. ते खाली बसले. चिडले नव्हते. घाबरले होते. ठणका नको होता आणि देवाशी मोडलेला शब्दही नको होता. कुमुदला ते चेहऱ्यावर दिसलं, म्हणून तिने जीभ आवरली.

हौसाबाई लसूण सोलत होत्या. "अहो, पूजेला बसल्यावर पहिलं काय करता?"

"आचमन."

"त्याचं पाणी थुंकता का?"

संपतरावांनी मान हलवून नाही म्हटलं.

"पळीभर पाणी तीनदा घेता आणि गिळता. माणूस शुद्ध होतो म्हणता ना त्याने? मग सकाळी उठून आधी एक जास्तीचं आचमन करा. तोंडही झालं, पूजाही झाली. मी पूजा करत नाही, पण चाळीस वर्षं बाजूला बसून बघतेय."

कुमुदने तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना फोन लावून विचारलं. पाणी तोंडात घेऊन गिळायचं, एवढंच, चालेल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हां हां, आराम से. बस सुड़कना मत." म्हणजे फुर्रकन ओढून प्यायचं नाही.

रविवारी सहाला संपतराव देवापुढे बसले. पळीने पाणी तोंडात सोडलं, हळूच गिळलं. गाल जागचे हलले नाहीत. आरती ओठांतल्या ओठांत म्हटली, घंटा मात्र नेहमीपेक्षा जोरात वाजवली. साडेसहाला नैवेद्याचं दूध गारच प्यायले, केळं कुस्करून खाल्लं, सातला गोळी.

अकराच्या पुढे कोमट मिठाचं पाणी. तोंडात घ्यायचं, मान कलती करायची, आपोआप पडू द्यायचं. तेही त्यांनी परेडसारखं वेळेवर केलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी त्यांनी गालावरून बोट फिरवलं, थोडं दाबलं. ठणका नाही.

"हौसा," ते आतल्या खोलीत हाक मारत गेले, "काही नाही गं. खरंच काही नाही!"

"मग ओरडता कशाला?" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यासाठी दुधात भाकरी कुस्करायला बसल्या.