धरतरीचा घोट

“मॅडम, हा एक दारूचा. सलाईन लावलंय, उलटीचं इंजेक्शन दिलंय. शुद्धीवर आला की सोडू,” अश्विन म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळलासुद्धा.

अश्विन आमच्या मेडिसिन वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर. रात्रभर जागून त्याचे डोळे तांबारले होते. त्याला तरी काय बोलायचं? आमच्या सरकारी रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात पाहाल तिकडे दारूची खाट. पोटं टम्म फुगलेली, डोळे हळदीसारखे पिवळे, पायांवर सूज. पोटातलं पाणी काढायचं, गोळ्या द्यायच्या, हात जोडून सांगायचं, की बाबा, आता पिऊ नकोस. महिनाभरात तोच माणूस तेच पोट घेऊन हजर. सोबत तीच बायको, फक्त तिच्या अंगावरचा आणखी एक दागिना गेलेला. मला या लोकांचा वीट आला आहे. डॉक्टरने असं म्हणू नये म्हणतात. ज्यांनी या वॉर्डात उभा जन्म काढला नाही, त्यांनी न म्हणण्याचं पुण्य खुशाल घ्यावं.

मीही पुढे निघाले होते. पण खाटेवरचा माणूस शुद्धीवरच होता. टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता. पस्तिशीचा, काटक, काळासावळा. त्या सावळ्या कातडीतूनही चेहरा, कान, मान आणि छाती लालबुंद दिसत होती, जणू चुलीसमोरून नुकताच उठून आला होता.

“नाव काय रे तुझं?”

“सोमा.”

“किती प्यायलास?”

“नाय बाई. पिलो नाय.”

हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं. त्याच्या तोंडाला वास येत होता. थोडासाच, पण येत होता. माझं डोकं फिरलं.

“वास येतोय मला. मरायला टेकलास तरी खोटंच बोलणार का?”

“खोटं नाय,” तो म्हणाला आणि त्याने मान फिरवली.

वाणी मात्र स्वच्छ होती, जीभ कुठे अडखळत नव्हती. मी मनगट धरलं. नाडी नुसती थरथरत होती, मोजायला हाती लागेना. रक्तदाब घेतला तर वरचा आकडा सत्तर. एवढा रक्तदाब कोसळेपर्यंत प्यायलेला माणूस असं सरळ बोलत नाही, घोरत पडलेला असतो. मनगट सोडताना त्याचा तळवा वर आला. बोटांच्या बेचक्यांतली कातडी सोलून निघाली होती. कुठे पांढरी, कुठे ओली लाल.

“हाताला हे काय झालं?”

“औषध लावत व्हतो बागंत. काडीला.”

नाशिकच्या माणसाला याच्यापुढे काही सांगावं लागत नाही. ऑक्टोबरची छाटणी झाली, की द्राक्षाच्या काडीवरचे डोळे एकदम फुटावेत म्हणून त्यांना सायनामाइड लावतात. स्पंज बुडवायचा आणि एकेका डोळ्याला पुसायचा. त्या कामाला पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या उतरतात. पायाला चप्पल असो नसो, हाताला रबरी मोजे हवेतच, असं ते औषध.

“मोजे नव्हते?”

“व्हते. पयल्याच दिशी फाटलं.”

माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. दारू सुटावी म्हणून काही गोळ्या देतात. त्या घेऊन कुणी दारू प्यायला, तर दारू अंगात जिरत नाही, तिचं विष होतं. तोंड लाल होतं, छाती धडधडते, रक्तदाब बसतो. हे सायनामाइड नेमकं तेच करतं. कातडीतून अंगात शिरतं आणि दिवसचे दिवस दबा धरून बसतं. मग चमचाभर दारूही पुरते.

“अश्विन, हा काय काम करतो, विचारलंस?”

“मॅडम, वास येत होता...”

वास मलाही आलाच होता. स्टेथोस्कोप लावला, तर हृदयाच्या ठोक्यामागे एक खोल घरघर होती. डावीकडची झडप आकसलेली, बहुधा लहानपणीच्या तापाने. जन्मभर त्याने ओझी उचलली, डोंगर चढला, पण त्याची छाती कुणी ऐकलीच नव्हती. अशा झडपेला हळू चालणारं हृदय लागतं, आणि याचं तर उधळलं होतं. त्यात रात्रीतून धडाधड दिलेलं सलाईन पुढे सरकेना. फुप्फुसांच्या तळाशी पाणी बुडबुडायला लागलं होतं.

“सलाईन बंद कर. ऑक्सिजन लाव. रक्तदाब उचलायचं औषध पंपावर, हळू. आणि आयसीयूला फोन.”

आयसीयूत खाट नव्हती. ती कधी असते?

याला घेऊन कोण आलंय म्हणून विचारलं, तर दारातून एक म्हातारा पुढे आला. पांढऱ्या मिशा, डोक्याला फडकं. टोळीचा मुकादम, पुंजाराम.

“हा प्यायला होता का? खरं सांगा. ह्याच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“पिला नाय, बाई. त्येनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडलीय. धरतरीची तेवढी घेतली.”

“म्हणजे?”

“काम सरलं का बाटली फोडत्यात. आधी धरतरीला, मातीला. मंग पानाच्या द्रोणात सगळ्यांना एक एक घोट. त्यो देवाचा. त्याला पिनं नाय म्हनत.”

घ्या! तो खोटं बोलत नव्हता. आणि मी मात्र त्याला मरायला टेकलेला खोटारडा म्हणून मोकळी झाले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात आमचं खातं तसं तरबेज आहे. देवाचा घोट घेतल्यावर सोमा गरगरून पडला, तेव्हा सगळ्या मळ्याने तेच ठरवलं, की चढली. त्याला लिंबाचं पाणी पाजलं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवलं आणि उतरायची वाट बघत बसले. उतरेना, तेव्हा रात्री इकडे आणलं.

वॉर्डाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून त्याची बायको उभी होती, बयाबाई. आत यायलाच तयार नव्हती.

“मला नाय बघायचं त्येचं तोंड,” ती म्हणाली. “लेकीची आन मोडली. मी तिकडं सैपाक करत व्हते, आन हा बागंत...”

“त्याने आण मोडलेली नाही,” मी म्हटलं. “हे बागेतल्या औषधाने झालंय. दारूने माणूस असा पडत नाही. धरतरीचा घोट होता, तेवढाच.”

सरकारी डॉक्टरीणबाई आपल्या नवऱ्याची बाजू घेते आहे, हे तिच्या पचनी पडत नव्हतं. मग पदराने तोंड पुसून आत आली आणि खाटेच्या कडेला उभी राहिली.

“बये, पिलो नाय,” सोमा मास्कमधून म्हणाला.

“म्हाईत झालं. बोलू नगं,” ती म्हणाली आणि त्याच्या कपाळावर तळवा ठेवून उभी राहिली.

तेवढ्यात बागायतदार आला. सायखेड्याकडचा, रोहित नावाचा. तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ.

“मॅडम, कागदावर दारूच लिहा ना,” तो मला बाजूला घेऊन म्हणाला. “उगाच पोलीस, चौकशी. आमचा माल बाहेर जातो, नाव खराब होतं. आणि पडला तो पिऊनच, सगळ्यांनी बघितलंय.”

“त्या औषधाच्या डब्यावर काय लिहिलेलं असतं?”

“काय... नेहमीचंच. काळजी घ्या वगैरे.”

“दारूबद्दल काय लिहिलेलं असतं?”

नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणून मी म्हटलं, “ठीक आहे. पोलिसांना मीच बोलावते, ते डबा वाचतील.”

“लिहिलेलं असतं, की आठ दिवस घेऊ नका,” तो पुटपुटला. “दुकानदारही बोलला होता. पण ह्यांना सांगून कळतं का, मॅडम? सांगितलं तर म्हणणार, मग हे औषधच नको. बहर थांबतो का कुणासाठी?”

“आणि धरतरीची बाटली कोणी आणली?”

“मीच. दरवर्षी आणतो. त्यांचा रिवाज आहे, आपण तो पाळतो,” तो म्हणाला, आणि खरं सांगते, त्याच्या आवाजात किंचित अभिमान होता.

मला किळस आली. पू, रक्त, काळी ओकारी, सगळं मी याच हातांनी आवरलं आहे, त्याची कधी आली नव्हती.

“टोळीतल्या कुणालाही आठ दिवस एक थेंब द्यायचा नाही,” मी म्हटलं. “सगळ्यांच्या अंगात ते औषध आहे. कळलं?”

“हो हो, मॅडम. माझी जबाबदारी,” तो म्हणाला.

आम्ही जमेल ते सगळं केलं. लघवी सुटायचं औषध द्यावं तर रक्तदाब बसे, रक्तदाब उचलावा तर हृदय आणखी उधळे. नळी घातली, फुग्याने श्वास दिला. अश्विन एका पायावर उभा होता, हे मान्य केलं पाहिजे. दुपारी जेवणाच्या गाड्या वॉर्डात आल्या तेव्हा सोमा गेला. आयसीयूतून फोन आला, की एक खाट होतेय. मी फोन ठेवून दिला.

मृत्यूच्या कारणापुढे मी सायनामाइड लिहिलं आणि शवविच्छेदनाला पाठवलं. बयाबाई रडली नाही. “आता कुटं न्यायचं?” एवढंच तिने विचारलं. मी तिच्याबरोबर खाली शवागारापर्यंत गेले. का गेले, सांगता येणार नाही. वॉर्डात थांबवेना एवढं खरं.

शवागाराच्या अंगणात टोळीतली माणसं आली होती. बाया, पुरुष, सगळे उकिडवे बसलेले. शेजारी रोहितची पिकअप उभी होती, मध्ये पानांचे द्रोण मांडले होते, आणि पुंजारामच्या हातात बाटली होती. नवी, सील न फोडलेली.

“ही कुठून आली?” मी ओरडलेच.

रोहित पुढे झाला. “मॅडम, त्यांच्यात माणूस गेला की धरतरीला द्यावी लागते, मग खांदेकरी एक एक घोट घेतात. आपण नाही कसं म्हणायचं? उद्या हेच म्हणतील, शेठनं साधी बाटलीपण दिली नाही.”

“सकाळी मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“थोडीशीच मॅडम. तोंडाला लावण्यापुरती.”

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिले होते. मेलेल्याच्या नावाने उरलेल्यांनाही पाजणारा हा पहिलाच. याच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. सरकारी नोकर देत नाही, म्हणून दिली नाही.

मी पुंजारामकडे वळले. “बाबा, ही कुणी घ्यायची नाही.”

“आमचा रिवाज हाय, बाई,” म्हातारा शांतपणे म्हणाला. “त्याबिगर मानूस जात नाय.”

“सोमा याच घोटाने गेला.”

मी बोलून गेले आणि जीभ चावली. सगळ्यांच्या माना वर झाल्या होत्या. ज्यांनी देवाचा म्हणून तो द्रोण त्याच्या हातात दिला, त्यांना मी हे सांगत होते. म्हाताऱ्याने हातातल्या बाटलीकडे बघितलं. त्याच्याच हाताने द्रोण भरला होता.

“घोट वाईट नव्हता, बाबा,” मी खाली बसून सांगितलं. “काडीचं औषध हातातून अंगात जातं. वर दारूचा थेंब पडला की तिचं विष होतं. सोमाचं काळीज आधीपासून दुखणाईत, तो गेला. पण औषध तुमच्या सगळ्यांच्या हाताला आहे. आज घेतली तर उद्या आणखी कुणाला तरी इथे आणावं लागेल.”

एकेकाने आपला हात उलटून बघितला. एक बाई लुगड्याला हात पुसत राहिली.

“शेठ,” पुंजाराम म्हणाला, “तुमाला म्हाईत व्हतं?”

रोहितने खिशातून मोबाइल काढला आणि कानाला लावला. तो वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

म्हातारा उठला. अंगणभर फरशा बसवलेल्या, माती कुठे दिसेना. कोपऱ्यात एका कडुनिंबाभोवती गोल आळं होतं, तिथे तो गेला. टोळी त्याच्या मागे गेली. त्याने बाटली फोडली, तोंडातल्या तोंडात काही म्हणाला आणि ओतायला लागला. धरतरीचे चार थेंब झाले, तरी त्याचा हात थांबला नाही. खांदेकऱ्यांचा वाटा गेला, बायांचा गेला. सगळी बाटली त्याने मातीत रिती केली. दारूचा भपकारा अंगणभर पसरला. खांदेकरी हातातले कोरडे द्रोण घेऊन उभे होते. मग त्यांनी ते पालथे करून आळ्यात ठेवले.

वास फाटकापर्यंत पोचला असावा. सुरक्षारक्षक काठी आपटत धावत आला.

“ए, दवाखान्यात दारू पिता? माणूस मेला तरी सुधरायचं नाय का रे तुम्ही? दारुडे कुठले! चला, व्हा बाहेर!”

मी तोंड उघडणार, तोच बयाबाई वाकली. आळ्यातली चिमूटभर ओली माती तिने पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि त्याच्याकडे वळली.

“आमच्यातलं कोनी पिलं नाय, दादा,” ती म्हणाली. “आमचा मानूसबी पीत नव्हता.”

आणि पदर सावरून ती शवागाराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.