दोन शिवदास आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी क्वेरी आहे. असं तोंड करून बघू नका, सांगते. यादीला नीट शब्दांत विचारलेला प्रश्न म्हणजे क्वेरी. मला ना चाकं, ना रंग, ना आवाज. गौरवीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये मोजक्या ओळींत माझा सगळा संसार मावतो.

माझा जन्म गोव्यातल्या कारापूरच्या शाळेच्या व्हरांड्यात झाला. तेव्हा खाणी चालू होत्या आणि लाल धूळ कीबोर्डमध्येसुद्धा शिरायची. गावच्या मंडळाने डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं. ज्यांना मोतीबिंदू निघेल त्यांना बसने म्हापशाला नेऊन फुकट ऑपरेशन करायचं ठरलं होतं. नावांचं काम गौरवी आणि तिचा चुलतभाऊ प्रज्योत यांच्याकडे आलं. गौरवीचं कॉलेज नुकतंच संपलं होतं.

प्रज्योत कॉम्प्युटरला बोट धरून चालवायचा. पहिलं नाव घे, मोतीबिंदू आहे का बघ, असेल तर बाजूला ठेव, मग दुसरं घे. त्याचा प्रोग्रॅम पानभर लांबायचा आणि मध्येच अडकून बसायचा. गौरवीने मला लिहिलं ते असं: या यादीतून, ज्यांना मोतीबिंदू आहे ते, वयाने मोठे आधी, नाव आणि वाडा, म्हणजे गावातली वस्ती, दे. बस्स. काय हवं ते तिने सांगितलं, कसं आणायचं ते माझं मी बघितलं. प्रज्योत म्हणाला, "ही बरी गो. हिला सगळं समजावत बसावं लागत नाही." मी मनातून फुलून गेले, खोटं कशाला सांगू?

पण आपल्या लोकांची एक खोड असते. नाव राहून जायला नको म्हणून कित्येकांनी ते दोनदा घातलं, एकदा देवळात आणि एकदा शाळेत. बसमध्ये जागा मोजक्याच होत्या. म्हणून गौरवीने माझ्यात सगळ्यात आधी एक ओळ घातली. तेच नाव पुन्हा आलं तर पहिलं ठेव, पुढचं गाळ. मी हुकमाची ताबेदार. गाळलं.

दुपारी यादी भिंतीवर लागली. बस दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची होती. थोड्या वेळाने शिवदासआजो काठी टेकत आले. आजो गणपती करायचे. अख्ख्या वाड्यावरच्या गणपतींचे डोळे त्यांच्या हातचे. त्यांनी यादी दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि गौरवीसमोर येऊन उभे राहिले.

"गो बाय, म्हजें नांव खंय गेलें?"

गौरवीने दुबार नावं गाळून उरलेल्या यादीत शोधलं. "हे बघा. शिवदास अनंत गावस. आजो, तुमची नजर चांगली आहे असं लिहिलंय. मोतीबिंदू नाही."

आजो म्हणाले, "नजर चांगली असती तर गेल्या चवथीला गणपतीचे डोळे दुसऱ्याकडून काढून घेतले असते काय मी? सगळी मूर्ती केली. डोळ्यांकडे आलो आणि हात थांबला. पुढल्या शिबिरापर्यंत वाट बघायला मी काय तरणा आहे?"

गौरवीची नजर वयाच्या रकान्यावर गेली. सव्वीस.

"आजो, हा सव्वीस वर्षांचा शिवदास कोण?"

"तो आमचा बाबलो न्हय गो? ट्रक घेऊन जायच्या आधी लायसनासाठी डोळे दाखवून गेला सकाळीच."

गौरवीने कपाळावर हात मारला. आजोंच्या वडलांचं नाव अनंत, म्हणून मुलाचंही अनंत. आणि अनंतच्या मुलाला आज्याचं नाव, शिवदास. आज्या-नातवाचं नाव अक्षरन् अक्षर एक. सून सासऱ्याचं नाव तोंडाने कशी घेणार? म्हणून पोराला सगळा गाव बाबलो म्हणतो. गौरवी त्याच्याच शाळेत काही वर्षं मागे होती, पण तो शिवदास आहे हे तिच्या कधी ध्यानातच राहिलं नव्हतं. बाबलो पहिला आला, तो राहिला. आजो मागून आले, ते गळले.

प्रज्योत म्हणाला, "एक नाव पेनाने खाली लिही, झालं."

"आजो आले म्हणून कळलं," गौरवी म्हणाली. "जे आले नाहीत त्यांचं काय?"

ती तिथेच बसली आणि तिने माझी ती ओळ बदलली. नुसतं नाव नको. नाव, जन्मवर्ष आणि वाडा, तिन्ही जुळलं तरच तो माणूस तोच. मी पुन्हा धावले. आजो आले, आणि त्यांच्याबरोबर, खालच्या वाड्यावरच्या तशाच नावाच्या बाईमुळे गळलेली वरच्या वाड्यावरची तारा नावाची म्हातारीही यादीत आली. आपलं नाव नाही म्हणजे नशिबात नाही, असं समजून ती घरीच बसली होती. प्रज्योत स्कूटर काढून तिला सांगायला गेला. सकाळी दोघंही बसमध्ये होती.

त्या चवथीला आजोंनी स्वतःच्या हाताने डोळे काढले. गौरवी बघायला गेली होती. क्वेरीला कोण येऊन सांगतं? ती प्रज्योतला सांगत होती, ते मी ऐकलं.

मग ती पणजीला नोकरीला लागली आणि मी एका फोल्डरमध्ये पडून राहिले. वर्षानुवर्षं कुणी हाक मारली नाही. वाईट वाटायचं. परवा तिची भाची अंकिता शिकायला आली आणि तिने मला उघडलं.

"मावशी, नाव जुळलं की पुरे ना? हे वर्ष आणि वाडा उगाच आहे. काढून टाकू?"

माझा जीव खालीवर झाला. तेवढ्यात तिला गौरवीने तेव्हाच वर लिहून ठेवलेली ओळ दिसली. अशी ओळ माणसांसाठी असते, कॉम्प्युटर ती वाचत नाही म्हणतात. मला मात्र पाठ आहे. 'शिवदास दोन आहेत. एक गणपतीचे डोळे काढतो. हे पुसू नको.'

अंकिताने बोट मागे घेतलं. "हे आजो अजून आहेत?"

"नाहीत गो," गौरवी म्हणाली. "पण बाबल्याला मुलगा झालाय. त्याचं नाव ठेवलंय अनंत."

म्हणजे अनंत शिवदास गावस आता घरात दोन झाले, एक बाबल्याचा बाप आणि एक पाळण्यातला. तेव्हा मित्रांनो, यादीतून कुणाला गाळण्याआधी त्याच्या घरात आणखी कोण कोण आहे ते एकदा विचारा. नाव, जन्मवर्ष आणि वाडा जुळवणारी माझी ती ओळ मी सांभाळून ठेवली आहे, त्या पाळण्यातल्यासाठी.