गोळी चालू, पाणी बंद

माझ्या धाकट्या जावेला सलाइन चढत होतं आणि तीच मला समजावत होती, की ताई, चिडू नका, माझंच चुकलं.

बीपी आणि पायांची सूज म्हणून तिला लघवी वाढवणारी गोळी सुरू झाली होती. सकाळी घेतली की दुपारपर्यंत सारखं उठावं लागायचं. पण तिच्या शिलाई कारखान्यात नव्या सुपरवायझरचा नियम होता: जेवणाच्या सुट्टीआधी जागेवरून उठायचं तर त्याला विचारायचं, सगळ्यांदेखत. तिने विचारलं तर म्हणाला, "परत? घरून उरकून येत जा." ही शरमेने अर्धी झाली. त्या दिवसापासून तिने कामावर पाण्याला तोंड लावलं नाही. पोटऱ्यांत गोळे यायचे, उठताना अंधारी यायची. वय झालं म्हणत सगळं अंगावर काढलं. शेवटी शिवता शिवता मशीनवरच कोसळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी आणि क्षार इतके उतरलेत की हृदयाचे ठोके चुकताहेत. अजून थोडं चाललं असतं तर जिवावर बेतलं असतं.

त्याच कारखान्यात मी माझी उमेदीची वर्षं घालवली. संडासाच्या दाराशी आमच्या गप्पा इतक्या रंगायच्या, की मुकादमबाई विचारायच्या, "तिथेच मशीन मांडून देऊ का?" पण अडवलं त्यांनी कधी कुणाला नाही.

धाकटी परत कामावर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळीची मात्रा कमी केली होती, पाणी किती प्यायचं तेही बजावलं होतं. तिला लागेल तेव्हा उठू द्या, हे सांगायला मी सोबत गेले. सुपरवायझरने मला स्वतःची खुर्ची दिली आणि गोड आवाजात सांगितलं, की एकीला सूट दिली तर सगळ्याच मागतील. त्यापेक्षा यांनी गोळीच सोडावी.

माझं डोकं भणभणलं. "तिची गोळी तू बंद करणार?" मी म्हटलं. "मग तिचं बीपी आणि सूजही तूच ठेवून घे."

सगळी मशीनं थांबली. धाकटी सावकाश पाणी प्यायली, कामाला बसली, थोड्या वेळाने उठली. तो तिच्या विचारण्याची वाट बघत राहिला.

"मी जाऊन येते," ती म्हणाली आणि चालू लागली.

त्याने तोंड उघडलं. मी त्याच्या खुर्चीत आणखी ऐसपैस बसले.