मागची खोली

घराची दुरुस्ती काढायचं ताईच्याच डोक्यातून निघालं. स्वयंपाकघर इतकं अंधारं, की भर दुपारी दिवा लावल्याशिवाय मीठ कुठलं आणि साखर कुठली ते कळायचं नाही. बेसिनमागची भिंत ओलीने फुगलेली. फ्रिजचं दार उघडलं की मागून कुणाला जाता यायचं नाही.

"छोट्या, एखादा जाणकार माणूस बोलाव," ती भावाला म्हणाली. "तू आणि तुझा तो गवंडी मिळून छत माझ्या डोक्यावर आणाल."

छोट्या आता पन्नाशीला टेकला होता, पण ताईच्या तोंडी तो छोट्याच. ताईने लग्न केलं नाही. सकाळचा स्वयंपाक उरकून ती चष्म्याच्या दुकानात कामाला जायची. आईच्या आजारपणाची शेवटची वर्षं तिनेच काढली, मागच्या खोलीत, आईच्या पलंगाला पलंग लावून. बाबांनी घर छोट्याच्या नावावर केलं तेव्हा नातेवाइकांनी तिला टोचून पाहिलं होतं. ती हसून म्हणाली होती, "मला वेगळं कशाला? मी कुठे जाणार आहे?"

रविवारी आर्किटेक्ट बाई आल्या. चाळिशीच्या, मोकळ्या स्वभावाच्या. येताच त्यांनी भिंतींवर टकटक करून पाहिलं, टेप लावून मापं घेतली आणि मग स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "रोज ओट्याशी कोण उभं असतं?"

"मीच," ताई म्हणाली.

"मग इथे या. कोपर वाकवा." बाईंनी जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत टेप धरला. "हा ओटा तुमच्यासाठी फारच खाली आहे हो. कंबर दुखत असेल."

"दुखते की. मला वाटायचं, कंबर असते ती दुखायलाच."

सगळे हसले. भावजयसुद्धा हसली. ताई चहा टाकायला वळली आणि बाई स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीपाशी गेल्या. "तुमचा सगळा उजेड या भिंतीपलीकडे अडकलाय. ही नुसती आडोशाची भिंत आहे, हिच्यावर घराचा भार नाही. काढली तर स्वयंपाकघर आणि जेवायची जागा मिळून छान प्रशस्त होईल. पण मग ती खोली जाईल. तिथे कोण झोपतं?"

 भावजयीने छोट्याकडे पाहिलं. मग तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "सध्या ताई झोपते. पण ती खोली मोकळीच होणार आहे."

ताई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. "मोकळी म्हणजे?"

"तुला सांगणारच होतो ताई. तुझ्या दुकानाजवळ एक जागा बघितलीय. एक खोली, स्वयंपाकघर. तुझी रोजची दगदग वाचेल."

"कधीपासून बघतोयस?"

"आई गेल्यापासून."

ताईने ट्रे टेबलावर ठेवला. एकेक कप उचलून प्रत्येकाच्या हातात दिला. बाईंना विचारलं, साखर बरोबर आहे ना. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त स्वतःचा कप उचलायचं तिला सुचलं नाही.

आर्किटेक्ट बाई अवघडल्या. "भिंत न पाडताही काही करता येईल," त्या घाईघाईने म्हणाल्या. "वरच्या अंगाला काचेची पट्टी बसवू. किंवा मुलीची खोली..." पण छोट्याची मुलगी शिकायला परगावी असली, तरी तिची खोली सुट्टीसाठी राखून ठेवलेली होती.  काचेच्या पट्टीचं मात्र छोट्याला एकदम पटलं. "हां, तसं करू या की!" म्हणत त्याने बायकोकडे पाहिलं.

भावजयीने कप खाली ठेवला. "मला वाईट म्हणा हवं तर," ती म्हणाली. "ताईंनी मला कधी एका शब्दाने दुखवलं नाही. पण लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या घरात साधा एक डबा मी माझ्या मनाने ठेवलेला नाही हो. ठेवला तर संध्याकाळी परत जागच्या जागी. आई होत्या तोवर मी बोलले नाही. आता वाटतं, एकदा तरी माझं म्हणून घर असावं." आणि ती रडायला लागली.

 खरंच होतं ते. डबा हलला की ताई हसत हसत तो पुन्हा पहिल्या जागी ठेवायची. त्यात कुणाला काही लागत असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"भिंत पाडा," ती बाईंना म्हणाली. "आणि ओट्याचं माप परत घ्या. ही माझ्यापेक्षा बुटकी आहे."

पुढच्या महिन्यात ती दुकानाजवळच्या जागेत राहायला गेली. छोट्याने पंखा बसवून दिला, गॅस जोडून दिला, खिडकीला जाळी लावून दिली. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो नळ उघडून बंद करत राहिला. शेवटी ताईच म्हणाली, "जा आता. कामगार खोळंबले असतील."

त्या जागेत तिने काहीच नीट लावलं नाही. कपडे बॅगेतच होते. दुकानातल्या मुली विचारायच्या, नवं घर कसं आहे? ती म्हणायची, हवेशीर आहे. रात्री जेवताना ताट मांडीवर घेऊन पलंगावरच बसायची, आणि पुष्कळदा अर्धं जेवण तसंच राहायचं.

भिंत पडली त्या दिवशी दुपारी छोट्याचा फोन आला. "ताई, गेली भिंत! अगं काय उजेड आलाय! पार पुढच्या दारापर्यंत..." आणि तो मध्येच थांबला. आनंदाची बातमी पहिल्यांदा कुणाला सांगायची, तर ताईला. जन्मभराची सवय ती. फोनवर मागून ठोकाठोक ऐकू येत होती.

"वायरिंग बघून घे," ताई म्हणाली. "तिथून जुनी वायर गेलीय." आणि तिने फोन ठेवला. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याचा नंबर तिने दोनदा चुकीचा लिहिला.

काम संपल्यावर दोघांनी तिला जेवायला बोलावलं. स्वयंपाकघर खरंच सुरेख झालं होतं. ओटा भावजयीला अगदी बेताचा. जिथे आईचा पलंग होता तिथे आता जेवायचं टेबल, आणि त्यावर दुपारचं ऊन पसरलेलं. ताईने मनापासून सगळ्याची तारीफ केली. जेवताना तिला चमचा हवा होता म्हणून ती उठली. एक खण उघडला, त्यात पुसायची फडकी. दुसरा उघडला, त्यात झाकणं.

"ताई, तुम्ही बसा ना. मी देते," भावजय धावत आली. अगदी प्रेमाने म्हणाली ती. पाहुण्याला म्हणतात तसं.

ताई बसली. ताटातलं सगळं संपवलं. निघताना भावजयीने डबा भरून दिला, वाकून नमस्कार केला, आणि छोट्या तिला बसच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. 

"ताई, राग आहे का ग माझ्यावर?"

"राग असता तर बरं झालं असतं रे," ती म्हणाली. "तावातावाने भांडले असते, आणि मग परत तरी आले असते."

छोट्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. तिने पदराने त्याचे डोळे पुसले, तेवढ्यात बस आली. "येत जा ना मधूनमधून," तो खालून म्हणाला.

"येईन की."

बस सुटली. आत गर्दी नव्हती. ताई पहिल्याच रिकाम्या जागी बसली. डबा हातातून निसटत होता, तो शेजारच्या बाईने अलगद धरून ठेवला.

"कुठे उतरायचंय तुम्हाला?" तिने विचारलं.

ताईने दुकानाजवळच्या थांब्याचं नाव सांगितलं. बाई म्हणाली, "म्हणजे घर तिकडेच का?"

ताईने मान हलवली, आणि मग तिला रडू आवरलं नाही.