मादाम ओदीलच्या कोठ्यात कोण राहतं?

चूक स्नेहाचीच होती, आणि ती तिला सकाळच्या चहाचा पहिला घोट घेतानाच सापडली. चहा तसाच राहिला.

सौंसर तालुक्यातल्या रामाकोन्याला, बाबांच्या संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या घरात बसून स्नेहा नागपूरच्या एका ऑफिसचं काम करायची. काम असं, की ऐकणाऱ्याला थापच वाटावी. फ्रान्समधल्या खेड्यांत लोक सुट्टीत राहायला घरं घेऊन ठेवतात. त्या घरांच्या स्थानिक करात काही चुकलं, तर ते निस्तरायचं. ती नागपूरला फ्रेंच शिकत होती तेव्हा अख्ख्या गावाने विचारलं होतं, "याचं करशील काय?" आता ती ओट्यावर बसून साता समुद्रापलीकडची घरपट्टी दुरुस्त करायची, आणि त्याचा तोरा तिच्या चालण्यात दिसायचा. दिसेना का, कमावलेला होता.

आज मात्र तोरा उतरला. मादाम ओदील नावाच्या सत्तरीच्या बाईंना एका घराऐवजी दोन घरांचा कर आला होता. कोणत्या जागेत कोण राहतं हे तिथे ऑनलाइन भरावं लागतं, आणि त्यांचा फॉर्म उन्हाळ्यात स्नेहानेच भरला होता. मादामच्या घरामागे सफरचंदं साठवायचा एक कोठा होता. इथे कोणी राहतं का, असं फॉर्मात विचारलं होतं. स्नेहाने मादामला न विचारता 'हो' करून टाकलं. करणारच! तिच्या बाबांच्या बागेतल्या कोठ्यात राखणीला शालिकराम राहत होता, ती आठ वर्षांची होती तेव्हापासून. फळ तिथे राखणदार, यात विचारण्यासारखं काय होतं? फ्रान्समधली सफरचंदं राखणीवाचून पडून असतात, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं.

तिने नागपूरला पंकज सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाईंनीच चुकीचं सांगितलं, असं लिहून टाक ना," सर म्हणाले.

"नाही सर. चूक माझी आहे."

"मग आज संध्याकाळपर्यंत पुराव्यासकट अर्ज गेला पाहिजे. अन् तो मंजूर नाही झाला, तर तुझं घरून काम बंद. नागपूरला येऊन माझ्यासमोर बसायचं."

स्नेहाने फोन खाली ठेवला. नागपूरच्या त्या खिडकी नसलेल्या खोलीत तिने चार वर्षं काढली होती. पुन्हा तिथे? छे!

दुपारी तिने मादामना व्हिडिओ कॉल केला. नशीब थोर, सफरचंदं उतरवायला त्या आपल्या सुट्टीच्या घरीच आल्या होत्या. चूक ऐकून त्या खळखळून हसल्या आणि फोन घेऊन थेट कोठ्यात शिरल्या. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर गवत, गवतावर सफरचंदं. स्नेहाने फोटो घेतले, पण मन भरत नव्हतं. इथे कोणी राहत नाही, हे सफरचंदं कशी सांगणार?

संत्र्यांच्या क्रेटी मोजून आलेला शालिकराम मागून डोकावला. "काय पाहून राहिली वो?"

तिने सांगितलं.

"तिले म्हण, चूल दाखव."

"चूल नाहीच आहे तिथं काका."

"तेच तर! फळाच्या खोलीत चूल पेटवली, तर धुराचा वास लागते फळाले. म्हणून मी बाहेर सपराच्या आडोशाले पेटवतो. हिच्याकडं सपर आहे का? पाणी आहे का? मंग माणूस जगून राहिला कशावर?"

स्नेहाने टाळीच वाजवली. "मादाम, बाहेर जा! चारी बाजूंनी फिरा!" आणि सत्तरीच्या मादाम चिखलातून निघाल्या. धुराडं नाही, नळ नाही, आडोसा नाही. मादामनाही चेव चढला होता. त्या छपरावर चढायला निघाल्या, तेव्हा स्नेहाने कसंबसं आवरलं.

चौदा फोटो जोडून तिने अर्ज लिहिला. त्यात एक वाक्य होतं: आमच्या गावी फळांच्या कोठ्यात माणूस राहतो, म्हणून मी तसं भरलं. पंकज सर म्हणाले, ते काढ. तिने नाही काढलं.

तीन आठवडे तिने रोज दहादा मेल उघडून पाहिला. मग एका सकाळी तिथल्या कर कार्यालयाचं उत्तर आलं: जिथे चूल नाही, पाणी नाही, ती राहण्याची जागा नव्हे. दुसऱ्या घराचा कर रद्द.

स्नेहा अशी किंचाळली, की तिचे बाबा यशवंतराव क्रेट हातात घेऊनच बागेतून धावत आले. सरांचा फोन आला, "राहा बाई तुझ्या संत्र्यांत." तिने गुळाचा खडा उचलला आणि आनंदाने उड्या मारत कोठ्याकडे पळाली. मागोमाग यशवंतराव, क्रेटीसकट.

शालिकरामने गूळ तोंडात टाकला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे चूल अन् पाणी असलं, तर घर धरतात का तिथं?"

"धरतात ना काका."

शालिकरामने सपराकडे पाहिलं. तिथे चुलीवर भात शिजत होता, बाजूला पाण्याचा हंडा होता. "मले इथं अठरा वर्षं झाली," तो म्हणाला. "हे घर लिहिलं आहे का कुठं?"

 स्नेहाने न पाहिलेल्या कोठ्यात, नसलेल्या माणसाचं घर एका क्लिकवर नोंदवलं होतं. इथे मात्र बाबांच्या साऱ्या कागदांवर 'कोठा' एवढंच होतं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेतूनच सकाळपेक्षा मोठा हुरूप आला. तिने फोन वर धरला.

"काका, चुलीपाशी उभे राहा. हसा थोडं. आता हंड्यापाशी."

यशवंतराव क्रेट सावरत पुढे आले.

"बाबा, ती क्रेट खाली ठेवा," स्नेहा म्हणाली. "आपल्याला काकांचं घर नोंदवायला ग्रामपंचायतीत जायचं आहे. अर्जावर मालकाची सही लागते."

यशवंतरावांनी शालिकरामकडे पाहिलं. मग क्रेट खाली ठेवली आणि खिशातला पेन चाचपला.