अक्कलदाढेचा हेडफोन

दोन कान, एक तोंड आणि डोकं मात्र दुसऱ्याचं, असा मी हेडफोन बोलतोय. माझं बोलणं एरवी कुणी ऐकत नाही. माझ्यातून दुसऱ्यांचं ऐकतात, एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. आम्ही सगळे भाऊ एका साच्यातले. कोण थोरला, कोण धाकटा, देव जाणे. दुकानात बरेच दिवस खुंटीला लोंबकळलो. मग दातांच्या एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी माझे कान ताणून पाहिले, माझ्या तोंडात, म्हणजे माइकमध्ये, सवयीने डोकावल्या आणि मला घरी घेऊन आल्या.

मला वाटलं, बाई गाणी ऐकणार. कसलं काय! बाई खेळत होत्या अंतराळातला खेळ. हजारो तारे, आणि प्रत्येक ताऱ्यापाशी कुठला तरी खराखुरा माणूस आपलं जहाज घेऊन टपलेला. खनिज खणा, ते वाहून न्या, टोळ्या बांधा, तह करा, मोडा. नियम इतके, की त्यापेक्षा दातांची डॉक्टरकी सोपी होती, असं बाई स्वतःच म्हणत. खेळातलं त्यांचं नाव होतं ‘अक्कलदाढ’.

“यात मजा ती काय?” त्यांचे यजमान विचारत.

“दिवसभर मी लोकांच्या तोंडात बघते हो. संध्याकाळी जरा लांबचं बघावंसं वाटतं. शिवाय दवाखान्यात सगळे नुसते ‘आ’ करतात. इथे निदान उलट उत्तर मिळतं.”

त्यांच्या टोळीत ‘भट्टी’ नावाचा एक पाववाला होता. पीठ मळता मळता लढायचा. त्याच्या आणि इतरांच्या मदतीने, रोज थोडं थोडं खनिज वाहून, बाईंनी एक अवाढव्य जहाज बांधलं होतं. त्याचं नाव ‘डोंगर’. दात घासायचा ब्रश विसरतील, पण डोंगराची डागडुजी विसरायच्या नाहीत.

अशात लेक आणि जावई राहायला आले. त्यांच्या घरातली पाण्याची नळी फुटून छत खाली आलं होतं. जावई ग्रंथालयात कामाला. इतका हळू बोलायचा, की चहा हवा की नको हे त्याच्या भुवयांवरून ठरवावं लागे. सासूबाईंसमोर तर तोही आवाज बंद.

“हा माणूस आहे की ‘शांतता राखा’ची पाटी?” बाई लेकीला म्हणाल्या.

“आई, तू त्याच्याकडे किडलेल्या दाताकडे बघावं तशी बघतेस. कसा बोलेल तो?” लेक चिडून म्हणाली.

जावयाला बाईंच्या शेजारची खोली दिली. संध्याकाळी बाई “मला मीटिंग आहे” म्हणून दार लावून घेत. जावई “मी जरा वाचतो” म्हणून दार लावून घेई.

आणि नवल घडू लागलं. खेळात शत्रूची टोळी जिथे जाईल तिथे बाईंची टोळी आधीच हजर! बाईंना काही कळेना.

“डॉक्टर, मानलं तुम्हाला! तुमचा माणूस थेट शत्रूच्या गोटात?” भट्टी म्हणाला.

“कुठला माणूस?”

“बरोबर, बरोबर. मीही काही ऐकलं नाही.”

मला मात्र सगळं ठाऊक होतं. बाईंचे कान मी झाकलेले, पण माझं तोंड उघडं. भिंतीपलीकडून येणारा आवाज माझ्यातून थेट सगळ्या टोळीला ऐकू जात होता. ज्यांच्या घरात तो घुमत होता त्या एकट्या बाईंना सोडून!

एका संध्याकाळी बाईंनी पाणी प्यायला मला काढून ठेवलं, तर पलीकडून गर्जना आली, “पोरांनो, रविवारी अक्कलदाढ मुळासकट उपटायची! डावीकडून मी येतो!”

बाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. आवाज ओळखायला त्यांना वेळ लागला, कारण तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मग त्या मटकन खाली बसल्या आणि तोंडात पदर कोंबावा तसा टॉवेल कोंबून हसल्या.

आता डोंगर वाचवणं अगदी सोपं होतं. भिंतीला कान लावला की झालं. पण असं चोरून ऐकून जिंकणं बाईंना पटेना. रविवारी दुपारी बाई उठल्या, लॅपटॉप घेतला, मला डोक्यावर चढवलं आणि पलीकडचा आवाज माझ्या तोंडात शिरू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून दार आतून ओढून घेतलं.

“डॉक्टर, आज तुमचा माणूस गप्प का?”

“तो रजेवर आहे.”

“अहो, मग आपण मरू!”

“मरू. पण आपल्या हिमतीवर मरू. चल, उजवी बाजू सांभाळ!”

काय लढल्या बाई! कोटाच्या बाह्या गळ्यात, हँगर माझ्या कानात. एवढ्यात यजमानांनी कपाट उघडलं.

“अगं, इथे काय करतेस?”

“माघार घेतेय.”

“बरं. तो निळा स्वेटर दे जरा.”

स्वेटर देईपर्यंत शत्रू डावीकडून आला. डोंगर फुटला. पडदाभर पांढरा उजेड. बाईंनी मला काढून मांडीवर ठेवलं.

“गेलं? मग पुन्हा मिळेल की दुसरं,” यजमान म्हणाले.

“नाही हो. इथे गेलं ते गेलं, दातासारखं. म्हणून तर जपायला मजा येते.” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “आणि काय सुंदर हरवलंन मला!”

रात्री जेवताना जावई ताठ बसला होता. त्याने घोट घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “आई, सूपमध्ये मीठ कमी आहे.”

लेकीचा चमचा हवेत थांबला. बाईंनी गुपचूप मिठाची बाटली पुढे सरकवली.

लेकीच्या घराचं छत दुरुस्त झालं. निघताना जावयाच्या हेडफोनची वायर तुटल्याचं बाईंच्या नजरेला पडलं. त्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं. “हे घ्या. आवाज छान येतो यातून.” स्वतःसाठी त्या नवा आणणार होत्या.

तर मी सध्या शत्रूच्या डोक्यावर आहे. मला फितूर म्हणा, हरकत नाही. पण परवाचं सांगतो. जावई एकदम ओरडला, “आली! अक्कलदाढ परत आली, नवं जहाज घेऊन!”

“शत्रू आल्याचा एवढा आनंद?” लेकीने विचारलं.

“मग? तीच नसेल तर खेळायचं कोणाशी?”

माझ्या एका कानाची गादी हँगरने फाटली आहे. तो कान लहर आली तर चालतो. एक विनंती करतो. कुणी कानाला हेडफोन लावून हातवारे करताना दिसलं, तर लगेच वेड्यात काढू नका. पलीकडे कुणीतरी मनापासून लढत असतं.

बरं, निघतो. जावयाने मला उचललंय. डावीकडून बाई येतायत.